वजन उतरलं, आरसा तसाच! वर्षानुवर्षं वजन कमी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साडेतीन वर्षांत मी ११२ किलोवरून ७९ वर आले. पहिले काही महिने भेटेल तो एकच विचारायचा, "काय खातेस? व्यायाम कुठला करतेस?" वर्ष उलटलं आणि प्रश्न बदलले. आता विचारणारी माणसं बहुधा स्वतःच त्या खटपटीत असतात. जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नात खाण्याचं नावही नसतं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. जे वाचून पडताळलं आणि जे स्वतःवरून गेलं, तेवढंच लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बऱ्याच उत्तरांत ती पुन्हा येणार आहे. वजन उतरवणं हे एक काम आणि आपल्या शरीराशी जमवून घेणं हे दुसरं. पहिलं झालं की दुसरं आपसूक होईल, या भरवशावर मी दोन वर्षं काढली. झालं नाही.

वीस किलो कमी झाले, तरी आरशात मी तेवढीच जाड दिसते. माझं काही बिघडलंय का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

आपलं शरीर केवढं आहे, कुठे संपतं, याचा एक नकाशा मेंदू बाळगून असतो. पॉल शिल्डर या ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञाने १९३५ मध्येच मांडलं होतं की आपल्या शरीराची मनातली प्रतिमा हा नुसता डोळ्यांनी काढलेला फोटो नसतो. स्पर्श, हालचाल, आठवणी, लोकांच्या नजरा असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. वीस वर्षं वापरलेला नकाशा सहा महिन्यांत बदलत नाही. १९९० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस कॅश यांनी पूर्वी जाड असलेल्या आणि आता नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. वजन गेलं तरी स्वतःच्या दिसण्याबद्दलची नाराजी बऱ्याच प्रमाणात मागे उरली होती. पाय कापल्यावरही तो दुखत असल्याचा भास होतो, त्या धर्तीवर या अनुभवाला इंग्रजीत जे नाव मिळालं त्याचा अर्थ 'भासाची चरबी' असा होतो. मला ते नाव फार आवडलं. चरबी गेली, तिचं भूत राहिलं.

हे भूत कुठे कुठे भेटतं ते सांगते. दोन खुर्च्यांमधून जाताना मी अजून अंग तिरकं करत असे. हातांच्या खुर्चीत बसण्याआधी ती डोळ्यांनी मापायची. दुकानात हात आपोआप सगळ्यांत मोठ्या मापाच्या हँगरकडे जायचा आणि ट्रायल रूममध्ये तो कपडा अंगावरून घरंगळला की वाटायचं, याचं मापच चुकलेलं दिसतंय.

मला उपयोगी पडलेली एक साधी गंमत आहे. एक दोरी घ्या. कमरेभोवती न गुंडाळता, नुसत्या अंदाजाने, आपली कंबर जेवढी वाटते तेवढी दोरी जमिनीवर गोल मांडा आणि तिथे गाठ मारा. मग खरी कंबर मोजा. माझा फरक पहिल्यांदा जवळजवळ वीतभर निघाला. दर दोन-तीन महिन्यांनी मी हे करत गेले आणि दोरी हळूहळू खरी बोलू लागली. स्वतःच्या दिसण्याचा फार त्रास असणाऱ्यांवर उपचार करणारेही अशा प्रकारचे सराव करून घेतात. याच्या जोडीला एकाच भिंतीसमोर, एकाच उजेडात, महिन्यातून एकदा काढलेला फोटो ठेवा. आरसा रोज पाहतो म्हणून आरशात बदल दिसत नाही. सहा महिन्यांचे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

किती वेळ लागतो? माझं वजन ऐंशीच्या आत आलं, त्यानंतर वर्षभराने एकदा दुकानाच्या काचेत एक बाई दिसली आणि ती मीच आहे हे कळायला क्षणभर लागला. तोपर्यंत नाही.

माझं उलटं झालं. मी एवढा जाड होतो हे तेव्हा कळलंच नाही. असं होतं का?

होतं, आणि भरपूर जणांचं होतं. वजन वर्षाला किलो-दोन किलोने चढतं, नकाशा मागेच राहतो. मग कुणीतरी बेसावध असताना काढलेला फोटो समोर येतो आणि धक्का बसतो. त्या धक्क्यातून सुरुवात झाली असेल तर चांगलंच आहे, पण जुने फोटो काढून स्वतःला शिव्या घालत बसू नका. त्या फोटोतल्या माणसानेच पुढे वजन उतरवलं.

आरशात ठीक दिसते, सेल्फीत मात्र भयंकर. खरं काय?

सेल्फी तर नक्कीच नाही. फोनचा कॅमेरा तोंडाजवळ धरला की जे जवळ आहे ते प्रमाणाबाहेर मोठं दिसतं. २०१८ मध्ये संशोधकांनी गणित मांडलं होतं: साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतं. फोन टेकवून पाच फूट लांब उभे राहा आणि मग बघा. बाकी आरशात आपण स्वतःला डावं-उजवं उलटं पाहतो आणि त्याच रूपाची सवय झालेली असते, त्यामुळे कुठलाही फोटो जरा परका वाटतोच.

सुरुवातीला केवढा उत्साह होता! चार-पाच महिन्यांनी तो कुठे गेला?

तो जाणारच होता. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून आपण स्वतःला आळशी ठरवतो.

सुरुवातीचे महिने म्हणजे बक्षिसांचा पाऊस असतो. काटा दर आठवड्याला खाली जातो, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागतं, लोक कौतुक करतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात लोकांना तुमच्या नव्या रूपाची सवय होते, काटा मंदावतो, आणि काम मात्र तेवढंच राहतं. पगार अर्ध्यावर आला आणि कामाचे तास तेच राहिले, तर नोकरीत तरी कुणाचा उत्साह टिकेल?

त्यात शरीरही आपल्या बाजूने नसतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने ते १९९४ मध्ये शोधलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. जठरातून येणारं घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलं; वजन उतरलं की ते वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वर्ष उलटून गेलं, काहींचं वजन थोडं परतही आलं, तरी त्यांची भुकेची संप्रेरकं जुन्या जागी आलेली नव्हती आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात उभी राहणारी मी हावरट नव्हते, माझं लेप्टिन कमी होतं.

तर मग टिकायचं कशावर? उत्साहावर नाही, एवढं नक्की. उत्साह हा पाहुणा आहे, येतो तेव्हा चहा द्यावा, पण घर त्याच्या भरवशावर चालवू नये. घर चालतं सवयीवर. सवय लागायला २१ दिवस लागतात हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे तुम्हाला तीन महिन्यांत सवय लागली नसेल तर तुम्ही नापास नाही, रांगेत जरा मागे आहात. त्यात एक दिलासा असाही होता की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

दुसरी युक्ती जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची: "मी जास्त चालेन" असं ठरवू नका, "अमुक झालं की तमुक करेन" असं ठरवा. "ऑफिसातून आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी बूट बदलीन." माझ्यासाठी हे वाक्य सगळ्या प्रेरणादायी सुविचारांपेक्षा भारी ठरलं. पिशवी खाली ठेवली की मी संपते, हे मला माहीत होतं.

सहा आठवडे काटा हललेला नाही. शरीराने दगा दिला का?

तीन शक्यता आहेत आणि बहुतेक वेळा तिन्ही थोड्या थोड्या असतात.

पहिली, पाणी. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीच्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खारट खाणं, पाळी, नवीन व्यायामाने दुखावलेले स्नायू, जागरण, यांतल्या कशानेही काटा एक-दोन किलो वर-खाली होतो. महिन्याला किलोभर चरबी उतरत असेल तर ती या लाटांखाली सहज झाकली जाते. म्हणूनच काट्याच्या जोडीला कंबर मोजायला मोजपट्टी हवी.

दुसरी, लहान शरीराला कमी लागतं. "७,७०० उष्मांक वाचवले की एक किलो उतरतो" हा हिशेब १९५८ पासून चालत आलाय आणि थोड्या दिवसांपुरता बरा आहे, पण तो सरळ रेषेत वर्षभर ताणता येत नाही. ११२ किलोला जेवढं इंधन लागायचं तेवढं ९० किलोला लागत नाही, आणि शरीर त्याहूनही थोडी जास्त काटकसर करतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये आला: सहा वर्षांनंतरही त्यांची शरीरं, विश्रांती घेताना, अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होती. त्यांनी सात-आठ महिन्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, तेव्हा तो टोकाचा नमुना आहे. घाबरून जाऊ नका, पण घाई करणाऱ्यांना दाखवायला हा अभ्यास उत्तम.

तिसरी शक्यता ऐकायला आवडत नाही. आपण मोजायला चुकतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये "आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या काही जणांचं खाणं अचूक पद्धतीने तपासलं. ते प्रत्यक्षात जेवढं खात होते त्यापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते खोटं बोलत नव्हते, त्यांची चयापचयही ठीक होती. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. मी स्वतः एका आठवड्यात, शिजवताना तोंडात टाकलेलं सगळं लिहून काढलं तेव्हा तोंड बंद झालं, दोन्ही अर्थांनी.

दोन आठवडे प्रामाणिकपणे लिहा. त्यातूनही उत्तर मिळालं नाही तर डॉक्टरांकडून थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्या. काही औषधांनी वजन वाढतं.

रोज वजन करावं का?

एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर राखलं, अशा दहा हजारांहून अधिक लोकांची त्यात नोंद आहे. त्यांतले साधारण ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. म्हणजे वजन करणं वाईट नाही.

पण सकाळचा आकडा तुमचा दिवस ठरवत असेल, पाचशे ग्रॅम वाढल्यावर तुम्ही भेटीगाठी रद्द करत असाल, तर काटा कपाटात ठेवा. मी मधला मार्ग काढला: रोज उभी राहते, पण बघते फक्त सात दिवसांची सरासरी. एकट्या आकड्याला मत देण्याचा अधिकार नाही.

एक दिवस सुटलं की पूर्ण आठवडा जातो. असं का?

"आता गेलंच आहे तर जाऊ दे." हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय, देवाला ठाऊक.

याचा प्रयोग १९७५ मध्येच झाला होता. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितली. ज्या खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळच आहे, पोट भरलं होतं. ज्या डाएटवर होत्या त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम मोडला होता ना, मग आता कसला नियम!

गणित करून बघा. एका दिवसात १,५०० उष्मांक जास्त गेले तर चरबीत ते फार तर २०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवेल, ते बहुतेक पाणी. खरं नुकसान त्या दिवसाने होत नाही, पुढच्या सहा दिवसांनी होतं. माझा नियम: पुढचं जेवण नेहमीचं. उद्याचं नाही, पुढचंच. उपाशी राहून भरपाईही नाही, कारण त्या भरपाईनंतरच मी पुढच्या वेळी जास्त वाईट घसरले आहे.

डाएट मोडायला राखून ठेवलेला दिवस म्हणजे 'चीट डे'. हा शब्दच मला पटत नाही. चीट म्हणजे फसवणूक. जेवणात फसवणूक कसली आली?

शरीर आहे तसं आवडून घेतलं तर मग वजन कमी कशाला करायचं? आणि कमी करायचं तर आवडून कसं घ्यायचं?

या प्रश्नाने मला सगळ्यांत जास्त छळलं. मला खात्री होती की स्वतःचा राग हेच माझं इंजिन आहे. राग गेला की मी सोफ्यावर जाऊन बसणार.

रागावर गाडी निघते, हे खरं आहे. माझी निघाली. पण राग हे पेटवायचं इंधन आहे, चालवायचं नाही. शरमेने माणूस वाळत नाही, उलट होतं: अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांना २००६ ते २०१० या काळात तपासलेल्या एका अभ्यासात, ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. बाहेरच्यांच्या टोमण्यांनी हे होतं, तर चोवीस तास डोक्यात बसलेल्या टोमणे मारणाऱ्याने काय होत असेल?

आवडून घेण्याची सक्तीही नको. आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणायला मला सांगितलं होतं. म्हटलं, आणि मलाच हसू आलं. त्यापेक्षा तटस्थपणा जमला. शरीर सुंदर की कुरूप हा निकाल रोज लावायचाच कशाला? ते काय करतं ते बघा. उदाहरणार्थ गुडघे: गुडघेदुखी असलेल्या जाड लोकांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसात हजारो पावलं. ज्या दिवशी मी जिना उतरताना कठडा धरला नाही, त्या दिवशी काटा काय सांगत होता हे मला आठवतही नाही. कठडा आठवतो.

ज्याची काळजी घेतो त्याच्यात बदल करायला काय हरकत आहे? घर आवडतं म्हणूनच आपण त्याचं छप्पर दुरुस्त करतो.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं?

टोमण्यांची तयारी असते. कौतुकाची नसते. "अगं, ओळखूच आली नाहीस! काय सुंदर दिसतेस आता!" यातला 'आता' कानात अडकतो. म्हणजे तेव्हा काय दिसत होते? माझी मामी, जी माझ्याशी दहा वर्षं धड बोलली नव्हती, ती अचानक शेजारी येऊन बसायला लागली. आनंद झाला आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात. येऊ द्या.

मग थोड्या दिवसांनी दुसरी फौज येते: "चेहरा किती उतरलाय", "आजारी होतास का रे?", "आता बास कर, हाडं दिसतील." शंभर किलोच्या माणसालाही हे ऐकवतात! तुमचं जुनं रूप त्यांच्याही डोक्यात बसलेलं असतं, त्यांचाही नकाशा बदलायचा असतो. मोठ्यांना मी हसून "डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, काळजी नको" सांगते. ते नेहमी खरं असतंच असं नाही, पण चर्चा थांबते. बरोबरीच्यांना सरळ सांगते, "माझ्या वजनाबद्दल नको, दुसरं काहीतरी बोल."

घरातला कुणी मुद्दाम आग्रह करत असेल तर तो प्रेमाने करतोय की तुमच्या बदलण्याने बिथरलाय, हे एकदा शांतपणे बघा. तुम्ही बदलता तेव्हा तुमच्याबरोबर खाणाऱ्याला स्वतःच्या ताटाकडे बघावं लागतं.

लटकलेली कातडी जाते का?

थोडी आवळते, पूर्ण बहुधा नाही. कातडी ताणून धरणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे वर्षानुवर्षं ताणले गेलेले असतात. वय, किती वजन होतं, किती वर्षं होतं, धूम्रपान, ऊन यांवर ते किती परत येतील हे ठरतं. स्नायू वाढवले तर जरा भरीव दिसतं. महागडी मलमं यातलं काही करत नाहीत. शस्त्रक्रिया करायची असेल तर वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच करतात. घाई केली तर पुन्हा करावी लागू शकते. घडीत घाम साठून चट्टे उठत असतील तर तो त्वचेच्या डॉक्टरांचा विषय आहे, लाजण्याचा नाही.

माझ्या पोटाची कातडी आहे तशीच आहे. पहिलं वर्षभर मला ती शिक्षा वाटायची: एवढं करूनही हेच? तुम्हालाही तसं वाटलं तर कुणी "ही तर विजयाची खूण" वगैरे म्हणेल. म्हणू दे. मला ती विजयाची खूण वाटत नाही. कातडी वाटते.

केस का गळतायत?

झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. प्रथिनं पुरेशी आहेत का बघा आणि रक्तातलं लोह तपासा.

नक्की किती कमी व्हायला हवं?

तुम्ही मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बहुधा कमी. १९९७ मध्ये उपचाराला आलेल्या ६० स्त्रियांना विचारलं, किती उतरलं तर बरं? सरासरी उत्तर आलं शरीराच्या वजनाच्या ३२ टक्के. ४८ आठवड्यांत त्यांचं सरासरी १६ किलो उतरलं, जे उत्तम आहे, आणि तरी जवळजवळ निम्म्या जणी त्यांनी स्वतःच 'निराशाजनक' म्हणून सांगितलेल्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. सोळा किलो उतरवून हिरमुसलेल्या बायकांची ती खोली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

शरीर मात्र खूप आधी खूश होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या २००२ च्या अभ्यासात उद्दिष्ट होतं फक्त ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा, तक्ता भिंतीवर लावू नका. त्यामागचं सूत्र १८३० च्या दशकात अडॉल्फ क्वेटले या संख्याशास्त्रज्ञाने लोकसंख्येचा अभ्यास करताना मांडलं. एकट्या माणसाचे स्नायू किती, चरबी कुठे, हे त्या सूत्राला कळत नाही.

इंजेक्शन घेऊन वजन उतरवलं. सगळे म्हणतात, ही पळवाट. मलाही अपराधी वाटतं.

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसत्या सल्ल्यावर आणि खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांचं २.४ टक्के. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परतही आलं. यावरून इच्छाशक्ती कमी होती असं दिसत नाही, भूक हा शरीराचा व्यवहार आहे असं दिसतं. थांबवायचं कधी आणि कसं, हे डॉक्टरांशी आधीच बोला. आणि एक लक्षात ठेवा: वजन वेगाने उतरलं तर भासाची चरबी आणखीच मागे रेंगाळते. दोरीचा खेळ तुम्हालाही लागेल.

जुने कपडे ठेवू की टाकू?

आज बसतात ते ठेवा. मधल्या मापाचे दोन-तीनच घ्या, बाकी शिवून आत घ्या. "अजून दहा किलो उतरले की मग घेईन" म्हणत ढगळ कपड्यांत वर्ष काढू नका, मी काढलंय.

काळजी कधी करायची?

पाळी बंद होणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, खाल्लेलं उलटून टाकणं, जुलाबाची औषधं, जेवल्याची शिक्षा म्हणून व्यायाम, लपून भरमसाट खाणं, दिवसातले तास आरशासमोर एकाच अवयवावर जाणं, लोकांत जाणंच टाळणं. यांतलं काही असेल तर वजन किती आहे हे बघत थांबू नका. खाण्याचे आजार जाड शरीरातही होतात आणि तिथे ते उशिरा ओळखले जातात, कारण आजूबाजूचे सगळे कौतुक करत असतात. डॉक्टरांशी आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. जगावंसं वाटत नसेल तर आजच, जवळच्या माणसाला सांगून.

ठरवलेलं वजन गाठलं. मग रितं का वाटतंय?

कारण इतकी वर्षं एक काम होतं आणि आज ते नाही. शिवाय मनात कुठेतरी असं होतं की त्या आकड्यावर दुसरं आयुष्य ठेवलेलं आहे. मी ७९ वर पोहोचले तो मंगळवार होता. भांडी होती, ईमेल होते, आईशी तेच जुनं भांडण होतं.

वजन राखणं हे उतरवण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे. त्यात टाळ्या नाहीत. "आज काहीच बदललं नाही" असं सांगून कौतुक मिळत नाही. पण त्या अमेरिकी नोंदवहीतल्या लोकांत एक दिलासा देणारी गोष्ट दिसते: दोन ते पाच वर्षं वजन राखलं की पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते. मी दुसऱ्या वर्षात आहे. ८२ ही माझी रेघ. सरासरी त्यावर गेली की दोन आठवडे खाणं लिहायला घेते, बाकी काही नाटक करत नाही. गेल्या वर्षी वही दोनदा काढावी लागली. सध्या ती स्वयंपाकघरातल्या खणात आहे, पेन आतच अडकवलेलं.